परतीची टाकी

आल्विन कोसुबेकच्या तळघराला चौदा पायऱ्या आहेत. मी त्या मोजल्या आहेत, त्याही बसून. पहिली पायरी मी माणसासारखा उभ्याने उतरलो आणि उरलेल्या तेरा एकेकीवर आपटत. हातातली बादली मात्र शेवटपर्यंत सोडली नाही. या गोष्टीचा मला पुढे बरेच दिवस अभिमान होता. बादलीतलं पाणी आणि त्या पाण्यातले सव्वीस मासे चौथ्या पायरीलाच मला सोडून गेले होते, एवढंच.

"हलू नकोस!" वरून आल्विन ओरडला.

मला वाटलं, माझ्या कमरेची काळजी. "मोडलंबिडलं नाही रे काही," मी म्हणालो.

"तुझं कोण विचारतंय? तुझ्या बुडाखाली मासा असेल. तसाच बस."

तसाच बसलो. आल्विनने कपाटावरून आपला खाणीतला दिवा उचलला, दोन्ही हात नळाखाली ओले केले आणि वरच्या पायरीपासून उकिडवा बसत खाली येऊ लागला. ओल्या तळव्यावर एकेक मासा उचलायचा, मोठ्याने आकडा म्हणायचा आणि टाकीत सोडायचा. "एक. दोन. तीन." आवाजात घाई नाही, शिवी नाही. मासे पायऱ्यांवर तव्यावरच्या लाह्यांसारखे उडत होते. सातवा सापडला तो कोळशाच्या फावड्यात. तो उडतही नव्हता. कल्ले मिटून, डुलकी लागल्यासारखा पडला होता.

"ही बघ," आल्विन म्हणाला. तो मासा मादी होती आणि पोटुशी होती. "बाकीचे बोंबलतायत आणि ही वाट बघतेय. हिला कळलंय, कुणीतरी येणार म्हणून."

सव्विसावा माझ्याखालीच निघाला. तो गेला होता. आल्विनने त्यालाही तळव्यावर घेतला, "सव्वीस" म्हणाला, आणि मगच मला उठायची परवानगी मिळाली. मासे पाळणाऱ्यांच्या आमच्या मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनातून त्याचे मासे घरी पोचवायला मदत करायची, एवढाच माझा हेतू होता.

पुढे ही हकिकत त्याने माझं आडनाव घेऊन गावभर सांगितली. "टिगेस आयुष्यात एकदाच जमिनीखाली गेला. तोही माझ्या तळघरात, आणि तोही बसून."

या टोमण्याला अर्थ होता. कोळशाच्या खाणींच्या आमच्या हेर्ने गावात तेव्हा दोनच जाती, खालचे आणि वरचे. आल्विन एकतीस वर्षं तीन नंबरच्या खाणीत खाली होता आणि त्यातली शेवटची बारा बचाव पथकात. आग लागली, छत बसलं, वायू भरला की बाकीचे वर पळायचे आणि हे सहाजण खाली. मी त्याच खाणीच्या पगार कचेरीत. माझं छत कधी बसलं नाही, एकदा गळलं फक्त. खाण बंद झाली तेव्हा दोघेही एकाच दिवशी घरी बसलो, पण तो एका पद्धतीने दमलेला आणि मी दुसऱ्या.

दोघांना एकत्र आणलं ते मत्स्यमंडळाने. आमच्या मुलखात तीन माणसं जमली की मंडळ काढतात, आणि चौथा आला की त्याला आधी खुर्ची नाही, नियमावली देतात. ब्युशरच्या बियरच्या गुत्त्यामागच्या खोलीत एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी आमची बैठक असे. मधला गुरुवार शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्या कबुतरवाल्यांचा. ब्युशर स्वतः अध्यक्ष, मी चिटणीस. मंडळाचा गोल शिक्का माझ्याकडे. जे माझ्या वहीत लिहिलं आणि ज्यावर तो शिक्का बसला ते घडलं. बाकीचं नुसतं बोललं गेलं.

आल्विनने आयुष्यात पत्र वाचलं नाही. वाचता येत नव्हतं असं नाही, वर्तमानपत्रातला फुटबॉल तो ओळ न् ओळ वाचायचा. पण खाकी पाकीट आलं की ते न फोडता माझ्याकडे आणून द्यायचा. "कागद तुझे, पाणी माझं," म्हणायचा. वीस वर्षं ही वाटणी सुरळीत चालली होती.

त्याचे मासे म्हणजे स्वोर्डटेल. बोटभर लांबीचे, नारिंगी, नराच्या शेपटीला खाली तलवारीसारखं टोक. मादीला तलवार नाही. "तलवार नराला आणि काम मादीला, आपल्या घरासारखंच," असं त्याची बायको एर्ना म्हणायची. कोळशाच्या फावड्यातल्या त्या मादीचं नाव पडलं सात नंबर. तिसऱ्या दिवशी तिने चौतीस पिल्लं घातली, आणि ती पिल्लंही आईवर गेली. काच वाजवा, दिवा मालवा, जाळी बुडवा, हिची प्रजा आपली शांतपणे तरंगते आहे. आल्विनला तो स्वभाव आवडला. दोन वर्षं त्याने त्या वंशातले शांत तेवढे निवडून वाढवले.

तेवढ्यात विद्यापीठातून राउटेनबेर्गबाई आल्या. तिशीच्या, चष्मा केसांवर आणि शोधत असायच्या टेबलावर. अंतराळयानातून पाठवायला त्या एक बंद टाकी बनवत होत्या. आत मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती. बाहेरून हवा नाही, आतून घाण नाही. माशांचा श्वास झाडाला, झाडाचा माशांना, आणि उरलंसुरलं गोगलगायींना. त्यासाठी घाबरट नसलेले मासे हवे होते, आणि कुणीतरी बाईंना आल्विनचं नाव सांगितलं होतं. पंधरा म्हाताऱ्या खाणकामगारांसमोर हे सगळं सोपं करून सांगताना त्या घामाघूम झाल्या.

"म्हणजे माझ्या पाठीवरची पेटी," मधेच आल्विन म्हणाला.

"कसली पेटी?"

"बचाव पथकाची. श्वास सोडला की नळीने पेटीत. पेटीत चुना. धुतलेली हवा परत नाकात. दोन तास बाहेरचं काही लागत नाही. तिसऱ्या तासाला आपण आपल्याच श्वासाने मरतो. तुमची टाकी किती दिवसांची?"

"सोळा."

"मग चुन्यापेक्षा गोगलगायी नीट निवडा. सगळं त्यांच्या पोटावर आहे."

बाई त्या दिवशी तीन तास थांबल्या आणि एर्नाच्या हातचा प्लमचा केक चार तुकडे खाऊन गेल्या.

मग तळघरात उमेदवारांची भरती सुरू झाली. यानाचा धक्का सोसतील असे कोण, हे पाहायला आल्विन मासे बरणीत घालून एर्नाच्या कपडे धुण्याच्या मशीनवर ठेवायचा, तेही मशीन पिळायला लागलं की. गोगलगायींना ग्रामोफोनवर फिरवायचा. खाली उतरवल्यावर पाच मिनिटांत ज्या सॅलडचं पान खायला लागतील त्या पास, ज्या शंखात दडी मारतील त्या नापास.

"माझ्या मशीनवर तुझे वैमानिक नकोत!" एर्ना जिन्यावरून ओरडायची. "तुझ्या शर्टाला माशांचा वास येतो, आल्विन!"

"येऊ दे. उद्या वर गेले की लोक वास घ्यायला रांग लावतील."

गावाचं कौतुक तर काही विचारू नका. वर्तमानपत्रात अर्धं पान आलं, मधे आल्विन आणि बरणी, कोपऱ्यात शिक्का हातात घेतलेला मी. कबुतरवाले जळून खाक. पन्नास वर्षं त्यांची कबुतरं फार तर ब्रसेल्सहून घरी येत होती आणि आमचे मासे थेट वर निघाले होते. त्या वर्षी मंडळाला पन्नास वर्षं पुरी होत होती. मी मनातल्या मनात समारंभाचं भाषण लिहायला घेतलं होतं.

आल्विनची अट एकच होती. ती त्याने ब्युशरकडे सर्वांसमोर सांगितली, ग्लास खाली ठेवून.

"जितके जातील तितके परत. मेले तरी परत."

खालच्या माणसांना हे समजावून सांगावं लागलं नाही. खाणीत उतरताना प्रत्येकजण फळ्यावरचा आपला पितळी बिल्ला काढून घेतो आणि वर आला की परत टांगतो. पाळी संपल्यावर एक जरी खिळा रिकामा दिसला तरी पथक खाली जातं. माणूस जिवंत असेल की नाही हा प्रश्न कुणी विचारत नाही. रिकामा खिळा म्हणजे तो अजून खाली आहे, बस. आल्विनने बारा वर्षांत अकराजणांना असं वर आणलं होतं, आणि त्या अकरांतला एकही चालत आला नव्हता.

मी वहीत लिहिलं, "सभासद कोसुबेक यांच्या अटीची नोंद घेतली." वर शिक्का मारला. आल्विनने शिक्क्याचा ठप्प आवाज ऐकला आणि समाधानाने ग्लास उचलला. त्याच्या लेखी अट तेव्हाच मान्य झाली.

मार्चमध्ये विद्यापीठाचं खाकी पाकीट आलं. सही करून शुक्रवारपर्यंत परत पाठवायचं होतं. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं, "उड्डाणोत्तर काळात सर्व जैविक सामग्री संशोधनार्थ वापरण्यात येईल; सदर सामग्री परत करण्याची तरतूद नाही." असली वाक्यं मी स्वतः तीस वर्षं लिहिली आहेत. मला अर्थ कळला नाही असं म्हणायची सोयच नाही. जैविक सामग्री म्हणजे सात नंबरची प्रजा. वापरण्यात येईल म्हणजे चिरण्यात येईल.

बाईंना एक पत्र टाकायला हवं होतं. किंवा फोन. पण त्या म्हणतील, जमत नाही, मग दुसऱ्या गावचं मंडळ बघू. आणि दुसरं गाव तयारच होतं, त्यांनी तीनदा विचारलंही होतं. मी ते पाकीट दोन दिवस कोटाच्या खिशात घेऊन हिंडलो. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, आल्विनच्या स्वयंपाकघरात टेबलावर ठेवलं.

"काय लिहिलंय?" तो बटाटे सोलत होता.

"नेहमीचंच. मंडळाचं नाव, तुझं नाव, बारा मासे, वीस गोगलगायी."

"आणि परतीचं?"

"तेही आहे त्यात," मी म्हणालो.

खोटं नव्हतंच ते. परतीचं त्यात खरंच होतं. आल्विनने हात पुसले, सुताराच्या जाड पेन्सिलीने सही केली आणि मी वर शिक्का मारला. परत येताना मी स्वतःला सांगितलं, वेळ आली की सांगू. गोगलगाय आणि पोटात पाय ही म्हण लोक उगाच त्या बिचाऱ्या प्राण्यावर लादतात. ती पगार कचेरीतल्या माणसावर बेतलेली असावी.

वेळ पुष्कळदा आली. मासे न्यायला गाडी आली तेव्हा आली. आल्विनने तळघरात एक फळा ठोकून त्यावर बोटाच्या पेराएवढे बारा बिल्ले टांगले होते, आणि गोगलगायींचा मिळून तेरावा. गाडी निघाल्यावर त्याने ते एकेक करून काढले आणि एका बशीत ठेवले, तेव्हाही आली. मग त्याने नवी टाकी बांधायला घेतली.

"आता ही कशाला?" मी विचारलं.

"परतीची. सोळा दिवस तरंगून आलेली असणार, वर काय आणि खाली काय विसरलेली. एकदम गर्दीत सोडलं तर बावचळतील." त्याने तळाला बारीक रेती पसरली होती, एका बाजूला दाट वनस्पती. "इकडे अंधार ठेवलाय. बाहेरून आलेल्याला आधी अंधार लागतो. मी वर आलो की एर्ना पडदे ओढून घ्यायची."

मी म्हणालो, "छान झालीय."

पुढच्या वसंतात यान उडालं. दूरचित्रवाणीवर धूर दिसला आणि ब्युशरने फुकट बियर पाजली, जी त्याने मंडळाच्या इतिहासात तोपर्यंत पाजली नव्हती. सोळा दिवसांनी यान उतरलं. मासे जिवंत आहेत अशी बातमी आली. आल्विनने परतीच्या टाकीचं पाणी बदललं, तापमान चोवीस अंशांवर आणून ठेवलं आणि वाट बघू लागला. रोज विचारायचा, "काही पत्र?" मी म्हणायचो, "नाही अजून." हे मात्र खरं होतं.

जूनमधल्या गुरुवारी राउटेनबेर्गबाई चित्रफिती घेऊन आल्या. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कबुतरवालेसुद्धा आले होते, मागे भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. आल्विन आला तो खाणकामगारांच्या काळ्या गणवेशात, जो आम्ही मयताला आणि मोठ्या सणाला घालतो. हातात झाकणाची बादली, झाकणाला भोकं, आणि बादलीभोवती एर्नाची लोकरी शाल गुंडाळलेली. पहिल्या रांगेत बसून त्याने ती पायांमध्ये ठेवली आणि आत बोट बुडवून पाहिलं.

मी तेव्हा उठून त्याला बाहेर नेऊ शकलो असतो. मी ब्युशरला पडदा लावायला मदत केली.

दिवे मालवले. पडद्यावर कांद्याच्या कापासारखं गुलाबी, गोल गोल काहीतरी दिसलं.

"हा कानातला खडा," बाई म्हणाल्या. आवाज आनंदाने थरथरत होता. "मासा तोल सांभाळतो तो याच्यावर. वजन नसताना याचं काय होतं हे आपल्याला पहिल्यांदाच इतकं स्पष्ट दिसतंय. आणि ते तुमच्या मंडळामुळे!"

टाळ्या झाल्या. टाळ्या संपल्यावर आल्विनने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"फार छान, बाई. एकच सांगायचं होतं. मासे गाडीत असतील तर रात्रीच्या गारव्यात नका ठेवू. मी पाणी आणलंय, आत घेऊन येतो."

बाईंनी चष्मा शोधला. मग त्यांना कळलं. त्यांनी पडद्याकडे हात केला आणि अगदी हळू म्हणाल्या, "कोसुबेकसाहेब, हेच ते."

आल्विनने बादलीच्या झाकणावर हात ठेवला.

"सगळे?"

"सगळे. पत्रात कळवलं होतं आम्ही. तुमची सही आहे. तुम्हाला माहीत असणार असं मी..." त्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. त्यांच्या मागोमाग सगळी खोली माझ्याकडे पाहू लागली.

आणि मी काय करावं? वही उघडली. माझ्या हाताला दुसरं काही येतच नाही. "अट नोंदवलेली आहे," मी म्हणालो आणि मोठ्याने वाचलं, "सभासद कोसुबेक यांच्या अटीची नोंद घेतली."

"नोंद घेतली!" मागून एक कबुतरवाला म्हणाला. "ऐकलंत? नोंद घेतली म्हणे!"

कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. आल्विन उठला. मला वाटलं, बादली माझ्या डोक्यावर रिकामी करणार, आणि मी मान थोडी पुढेही केली. पण त्याने शाल नीट गुंडाळली, "शुभ रात्री, बाई, कापांचं काम चांगलं आहे," म्हणाला आणि भरली बादली हातात घेऊन, पाणी न सांडता, घरी चालत गेला.

त्यानंतर पाच बैठका झाल्या. त्याची खुर्ची तशीच. ब्युशर माझा ग्लास आणून ठेवायचा, पण दोन शब्द बोलायला फेस निवेपर्यंतही थांबायचा नाही. ऑगस्टअखेर मी धीर करून आल्विनच्या दारात उभा राहिलो. दार एर्नाने उघडलं.

"एवाल्ड," ती म्हणाली, "पायऱ्यांवरून पडलास तेव्हा तुझ्या पाठीला मलम मी लावलं. आता कशाला आलायस?"

"त्याला समजावून सांगायला. मी घाबरलो होतो, एर्ना. कळलं तर तो देणार नाही म्हणून..."

"देणार नाही?" तिने एप्रनला हात पुसले. "अकरा माणसं त्याने मेलेली वर आणली. मासे मरतात हे त्याला तुझ्याकडून शिकायचं होतं? त्याने दिले असते रे. निवडून, सांगून, निरोप घेऊन दिले असते. तू त्याला जून महिन्यापर्यंत पाणी गरम करायला लावलंस."

आल्विन स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. समोर बुटांच्या खोक्याएवढी लाकडी पेटी. आत खाचांमध्ये उभ्या लावलेल्या काचपट्ट्या, प्रत्येकीवर माशाचा एकेक काप आणि अंक. शेजारी बाईंचं पत्र, फोडलेलं. त्याने त्यांना स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, सुताराच्या पेन्सिलीने, उरलंसुरलं असेल ते द्या म्हणून. आणि त्यांनी सगळ्यांची एकेक काचपट्टी पाठवली होती. इतकं सोपं होतं ते.

मी विद्यापीठाच्या त्या जुन्या पत्राची माझ्याकडची प्रत खिशातून काढून त्याच्यापुढे ठेवली.

"वाच," तो म्हणाला. "कागद तुझे."

मी वाचलं. दुसऱ्या पानावरचं वाक्यही वाचलं.

"ते पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"हे तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"गेल्या वर्षीच्या मार्चपासून."

त्याने मान हलवली. रागावलेला दिसेना. खाणीत छताला हातोडीने ठोकून, कान देऊन, हे पोकळ आहे असं ठरवतात आणि त्याखाली पुन्हा उभे राहत नाहीत, तसा दिसत होता. मग तो पेटीतली एकेक काचपट्टी खिडकीच्या उजेडात धरून बघू लागला. एर्नाने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. माझ्यापुढे ठेवली नाही. मीही मागितली नाही.

मी माफी मागितली. तीन वेगवेगळ्या प्रकारांनी मागितली. त्यातला एक प्रकार तर बराच चांगला होता, मी तो येताना ट्राममध्ये तयार केला होता. तो काचपट्ट्या बघत राहिला. शेवटी मला दाराशी आल्यावर राहवेना.

"आल्विन, खुर्ची रिकामी बघवत नाही रे. मंडळात परत कधी येणार?"

त्याने हातातली काचपट्टी खाचेत बसवली.

"नवा चिटणीस निवडाल त्या गुरुवारी."